पेपरात आलं होतं

"इथे दोन ओळी गेल्यात," मिस पास्को म्हणाल्या.

ड्र्यूरी वाचता वाचता थांबला. मेलबर्नहून तीन तास गाडी हाकत तो आला होता आणि आमच्या बराम्बीच्या वृद्धाश्रमात, काचेच्या व्हरांड्यात बसून सात म्हाताऱ्यांना भुताची गोष्ट वाचून दाखवत होता. सातांतल्या चौघी झोपल्या होत्या. मिस पास्कोही डोळे मिटूनच होत्या, त्यामुळे त्यांना मी पाचवी धरलं होतं.

"काय म्हणालात आपण?"

"'कंदील पाण्यावर तरंगत राहिला.' याच्यापुढे दोन ओळी होत्या. पान उतू जात होतं. मेंढ्यांच्या औषधाची जाहिरात ऐन वेळी आली, म्हणून काढल्या." आणि डोळे न उघडता त्यांनी त्या म्हणून दाखवल्या. "'तिने हाक मारली नाही. हाक मारायला तिला तोंड उरलं नव्हतं, आणि जे उरलं होतं त्याला त्याचं नाव आठवत नव्हतं.'"

व्हरांड्यात उकाडा मरणाचा होता, तरी माझ्या अंगावर काटा आला.

"मिस पास्को," तो हळूच म्हणाला, "ही गोष्ट एकतीस सालच्या नाताळ अंकात आली होती. तिच्यावर कोणाचंही नाव नाही. तुम्हाला या ओळी कशा ठाऊक?"

"मी लिहिल्या म्हणून."

मी नोला ट्रेविन. चौतीस वर्षं मी गावच्या टेलिफोन एक्स्चेंजवर काढली. कोणाच्या घरी काय शिजतं ते मला त्या घरातल्या बाईच्या आधी कळायचं. निवृत्त झाल्यावर मी गावच्या इतिहास मंडळात शिरले, कारण कान रिकामे राहिले की मला करमत नाही. ड्र्यूरी आमच्या मंडळाकडे आला तो एका निनावी लेखकाच्या शोधात. जुन्या वर्तमानपत्रांतल्या, विसरून गेलेल्या भुताच्या गोष्टी गोळा करण्याचं वेड होतं त्याला. 'बराम्बी क्रॉनिकल'च्या नाताळ अंकांत त्याला एकाच हाताच्या अकरा गोष्टी सापडल्या होत्या. "असं लिहिणारा माणूस या देशात दुसरा झाला नाही," असं तो मला म्हणाला होता, आणि मी मनात म्हटलं होतं, घ्या, आमच्या गावात आणि साहित्यिक! गावातल्या म्हाताऱ्यांना काही आठवतं का ते बघू, म्हणून मीच त्याला इथे घेऊन आले. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हे.

विनिफ्रेड पास्को म्हणजे क्रॉनिकलमध्ये चाळीस वर्षं प्रुफं तपासणारी बाई. काळा स्कर्ट, पांढरा ब्लाउज, नाकावर चष्मा. लग्न नाही, भानगड नाही. आईची सेवा केली, आई गेली, मग मांजर पाळलं, तेही गेलं. शहाऐंशी वर्षांच्या आयुष्यात त्यांच्याबद्दल एक्स्चेंजवर कोणी एक अक्षर बोललेलं मला आठवत नाही. आश्रमात त्या प्रसिद्ध होत्या ते एकाच गोष्टीसाठी. जेवणाच्या यादीतल्या चुका त्या पेन्सिलीने दुरुस्त करायच्या.

"सही का नाही केलीत कधी?" ड्र्यूरीने विचारलं. तो आता जमिनीवर, त्यांच्या खुर्चीपाशी बसला होता. चांगला पन्नाशीचा, टकलू माणूस.

"पेपरचे मालक करू द्यायचे नाहीत. म्हणायचे, विनी, भुताला लेखक असला की भूत लागत नाही लोकांना. वर 'कथा' असंही छापायचं नाही. 'बराम्बीतील एक जुनी हकीकत', बस्स. नाताळचं जेवण झालं की लोक व्हरांड्यात पडून ते वाचायचे आणि शेजाऱ्याला विचारायचे, काय रे, हे खरं का? मालकांना तेच पाहिजे होतं."

मी हसले. मला खरंच मजा वाटत होती. ज्या गोष्टीचा पहिला परिच्छेद ड्र्यूरीने वाचून दाखवला होता, ती मला पाठ होती. बराम्बीत कोणाला पाठ नाही? धरणाचं काम चाललं असताना योहान लेनिंग नावाच्या मजुराने आपल्या बायकोला, हॅनाला, पाण्यात ढकललं. ती वर यायला लागली तसं दोन्ही हातांनी पुन्हा दाबलं. त्यानंतर महिनाभरात तोही मेला. दुष्काळात पाणी खाली गेलं की हॅनाचा कंदील तरंगताना दिसतो. दर रविवारी बसने प्रवासी येतात, आणि धरणावर उभं राहून त्यांना ही हकीकत सांगण्याचं काम सहा वर्षं माझ्याकडे आहे. दाबण्याच्या जागी मी स्वतःचे हात पुढे करून दाखवते. बायका किंचाळतात. मंडळाने तिथे पितळी पाटीसुद्धा लावली आहे.

"मिस पास्को, तुम्ही लिहिलीत फार छान," मी म्हटलं. "पण मूळ हकीकत तुम्हाला सांगितली कोणी? तुमच्या आईने का?"

त्यांनी तेव्हा डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं.

"कोणी नाही गं. मूळ हकीकत काही नव्हतीच."

"म्हणजे?"

"म्हणजे मी रचली. मालकांचा एक नियम होता, जिवंत माणसाचं नाव घालायचं नाही, मेलेला माणूस दावा लावत नाही. म्हणून मी दर वर्षी कब्रस्तानात जायची आणि जिथे गवत सगळ्यांत जास्त वाढलंय तिथलं नाव उचलायची. गवत काढणारं कोणी नाही म्हणजे मागे कोणी उरलं नाही. त्या वर्षी योहान लेनिंग निघाला. दगडावर नुसतं नाव आणि साल होतं. त्याला बायको होती की नव्हती हेही मला माहीत नव्हतं. हॅना मी केली."

मला वाटलं, म्हातारीला भ्रम झालाय. मग वाटलं, मलाच नीट ऐकू आलं नाही. एक्स्चेंजवर चौतीस वर्षांत माझ्या कानांनी मला कधी दगा दिला नव्हता.

"पण लोकांनी पाहिलंय तिला!" मी जवळजवळ ओरडलेच. "आमच्या फायलीत चार जणांच्या सह्यांचे जबाब आहेत!"

"गोष्ट छापून आल्यानंतरचे असतील."

होते. एकही एकतीस सालच्या आधीचा नव्हता. ते कात्रण फायलीत मी स्वतः खळ लावून चिकटवलं होतं, 'जुन्या घटना' या विभागात. क्रॉनिकलमध्ये छापलेलं म्हणजे ते खरंच असणार, असं समजूनच आम्ही सगळे वाढलो. जन्म, मृत्यू, मेंढीचा भाव आणि हॅना लेनिंग, सगळं त्याच पेपरात यायचं.

मला धास्ती वाटली ती मात्र मंडळाच्या अब्रूसाठी नव्हे. विल्फ लेनिंगसाठी.

विल्फ हा योहानचा नातू. पवनचक्क्या आणि पंप दुरुस्त करतो. पंचक्रोशीतलं एकही जनावर विल्फच्या कृपेशिवाय पाणी पीत नाही. तो, त्याचे वडील हेन्री आणि आई चौतीस साली बराम्बीत आले. विल्फ तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. पहिल्याच आठवड्यात दारूच्या गुत्त्यात कोणीतरी विचारलं, "लेनिंग? म्हणजे धरणावरचे लेनिंग का?" तेव्हापासून आजतागायत ते धरणावरचे लेनिंगच राहिले. मुलं रस्त्यात मागे लागायची, "विल्फ, आजीला पोहायला शिकव!" एकोणचाळीस साली त्याने मला मागणी घातली. आई म्हणाली, त्या रक्तात मी मुलगी देणार नाही, त्याच्या आजाने काय केलं ते पेपरात आलं होतं. आणि मी नाही म्हटलं. आईने म्हणायला लावलं असं मी पुढे सगळ्यांना सांगितलं. ते अर्धंच खरं होतं.

"मिस पास्को," मी म्हटलं, "विल्फ ठाऊक आहे ना तुम्हाला?"

"त्याचा बाप ठाऊक आहे मला," त्या म्हणाल्या.

झोपलेल्यांतली एक जण घोरत होती. ड्र्यूरी एकदा माझ्याकडे बघत होता, एकदा त्यांच्याकडे. त्याला काही कळत नव्हतं, पण काहीतरी फार वाईट येतंय एवढं त्याला समजलं असावं.

"हेन्री लेनिंग आमच्या कचेरीत आला होता," मिस पास्को सांगू लागल्या. "गावात येऊन त्याला महिना झाला असेल. टोपी हातात. म्हणाला, बाई, मी अनाथाश्रमात वाढलो. बाप इथे पुरलाय एवढंच मला सांगितलं होतं. म्हटलं, आपलं माणूस जिथे आहे तिथे राहावं. इथे आलो तर लोक असं असं म्हणतात. तुमच्या पेपरात आलं होतं म्हणे. बाई, खरं का हो ते?"

"मग?"

"मालक मागे टेबलाशी बसले होते. साल चौतीस. गावात निम्मे पुरुष बेकार, घरी माझी आई अंथरुणाला. मी मालकांकडे पाहिलं. त्यांनी नुसती नकाराची मान हलवली. मी हेन्रीला म्हटलं," इथे त्या थांबल्या, आणि मग अगदी प्रुफं वाचावीत तशा सपाट आवाजात म्हणाल्या, "मी म्हटलं, पेपरात आलं होतं."

"एवढंच?"

"एवढंच. तो थँक यू म्हणाला आणि गेला."

मला त्या म्हातारीला हलवून विचारावंसं वाटत होतं की बाई, हे तुम्ही केलंत काय? पण माझे स्वतःचे हात, दर रविवारी पुढे करून दाखवायचे ते, मांडीवर पडले होते. कोणत्या तोंडाने विचारणार?

"म्हणून तेहतीसनंतर गोष्ट नाही," ड्र्यूरी पुटपुटला. "मला वाटलं, लेखक वारला."

"नाही. प्रुफं तपासत होता," मिस पास्को म्हणाल्या.

त्यांनी पायाशी ठेवलेली पर्स उचलली आणि आतल्या कप्प्यातून एक पाकीट काढलं. घड्यांवर कागद फाटला होता. जिलाँगच्या जन्म-मृत्यू नोंदणी कचेरीचं पत्र. हेन्री येऊन गेल्यावर त्यांनी स्वतः लिहून मागवलं होतं. मार्गारेट लेनिंग, योहानची विधवा, वय सव्वीस, विषमज्वराने मृत्यू, अठराशे एक्याऐंशी, मागे एक मुलगा, वय तीन. खाली योहानचीही नोंद होती. धरणाच्या कामावर दरड कोसळून, मातीखाली सापडून मृत्यू, अठराशे एकोणऐंशी. नवरा आधी गेला होता. बायको त्यानंतर दोन वर्षांनी, चाळीस कोस लांब, कोरड्या खाटेवर.

"पंचेचाळीस वर्षं हे तुमच्या पर्समध्ये होतं?"

"तीन पर्स झाल्या. दर वेळी यातून त्यात ठेवलं."

ड्र्यूरीने घसा खाकरला. पुस्तक निघणार होतं, मेलबर्नचा प्रकाशक तयार होता, या गोष्टींवर आता त्यांचं नाव घालता येईल, असं काहीबाही तो बोलला. आपण ते आता बोलावं की नाही याची त्यालाच लाज वाटत होती.

"घाला," मिस पास्को म्हणाल्या. "पूर्ण नाव घाला. विनिफ्रेड एलेन पास्को. आणि ही गोष्ट पहिली घाला. वर लिहा की हे सगळं पास्को बाईने मनाने रचलं, आणि योहान लेनिंगने कोणालाही मारलं नाही. गाव थुंकेल माझ्यावर. थुंकू दे." मग पाकीट माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "हे विल्फला दे, नोला. मला जाववत नाही. पायांमुळे असं त्याला सांगू नकोस. धीर होत नाही म्हणून सांग."

विल्फ तेव्हा गावाबाहेर, एका कुरणातल्या पवनचक्कीखाली पंप उघडून बसला होता. मी गाडी थेट तारेच्या कुंपणापर्यंत नेली. चार वाजले होते. गुरं रिकाम्या हौदाभोवती उभी राहून हंबरत होती.

"काय गं, मंडळाची पाहणी का?" तो मान वर न करता म्हणाला. "वायसर गेलाय. पाच मिनिटं दे, नाहीतर ही पोरं मला खातील."

आमचं बोलणं हे असंच. चाळीस वर्षं आम्ही हवापाण्याचं आणि पंपांचं बोलत आलो.

"विल्फ, काम ठेव बाजूला."

"गुरांना सांग तसं."

मग मी उभ्या उभ्याच सांगितलं. कसं सांगावं याची जुळवाजुळव मी गाडीत केली होती, ती सगळी फसली. मी म्हटलं, ती गोष्ट खोटी आहे, मिस पास्कोंनी ती नाताळसाठी लिहिली, हॅना नावाची बाई कधी नव्हतीच. तो ऐकत ऐकत वायसर बसवत होता. बसला. मग त्याने नट फिरवायला घेतले आणि मध्येच त्याचे हात थांबले.

"नव्हतीच?"

"नाही."

"दर ईस्टरला मी धरणावर फुलं ठेवतो तिच्यासाठी."

"ठाऊक आहे," मी म्हटलं. "मी ती प्रवाशांना दाखवते."

हे बोलून गेले आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण तो चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. त्याने पाना खाली ठेवला आणि हौदाच्या काठावर बसला. मी पत्र दिलं. चष्मा नव्हता, म्हणून मीच वाचून दाखवलं. 'मागे एक मुलगा, वय तीन' इथे आल्यावर तो म्हणाला, "पुन्हा वाच." मी पुन्हा वाचलं.

"मार्गारेट," तो म्हणाला. "बाबाला आईचं नाव कोणी सांगितलं नव्हतं. तो तिला हॅना समजूनच वारला."

"मिस पास्को म्हणाल्या, यायचा धीर होत नाही."

त्याने ते ऐकलं की नाही कोण जाणे. "इथे आल्यावर बाबाने मला कधी हात लावला नाही, नोला," तो म्हणाला. "मारायला नाही आणि जवळ घ्यायलाही नाही. इथे यायच्या आधी असा नव्हता तो. खांद्यावर घेऊन नाचायचा मला लहानपणी. मग एक दिवस कचेरीतून आला आणि त्यानंतर आईच्या शेजारून चालतानाही हात खिशात. मी एकदा विचारलं. म्हणाला, रक्तात काय असतं ते आपल्याला सांगून येत नाही, विल्फ. सांभाळून राहा."

मला बसायला जागा नव्हती, म्हणून मी पवनचक्कीचा खांब धरला. तो उन्हाने तापला होता, पण तो सोडायचं मला सुचलं नाही.

"विल्फ, मी तेव्हा आईचं नाव पुढे केलं. खरं म्हणजे..."

"मला माहितेय की. धरणावरच्या त्या दिवसाचं ना?"

मला वाटत होतं, त्या दिवसाचं त्याच्या लक्षातही नसेल. मागणी घातली त्याच आठवड्यात आम्ही धरणाच्या भिंतीवरून चाललो होतो. माझा पाय घसरला आणि त्याने मला सावरायला दोन्ही हातांनी दंडाला धरलं. मी ओरडले. पडायला झालं म्हणून नव्हे. त्याचे हात बघून ओरडले. त्याने लगेच सोडलं आणि घरापर्यंत तो माझ्यापासून दोन पावलं लांब चालला.

"मला माफ कर," मी म्हटलं. दुसरं काही सुचेना.

"माफ कसलं? मी कधी राग धरलाच नाही. गाव म्हणतं, विल्फने नोलासाठी लग्न केलं नाही. तसं नाही गं ते. तू ओरडलीस ना, तेव्हा मला वाटलं, हिला दिसलं. जे माझ्यात आहे म्हणतात, ते हिला दिसलं. वाटलं, तुझं बरोबरच आहे. मग दुसऱ्या कोणत्या पोरीला कशाला त्यात घालायचं? घरात मूल नको, बाई नको. यंत्र धरलं तर यंत्र मरत नाही."

हे तो तक्रारीच्या सुरात बोलला असता तर मला रडता आलं असतं. तो नुसता हिशेब जुळत नसल्यासारखा कपाळाला आठ्या घालून बोलत होता. एका नाताळच्या दुपारी लोकांची करमणूक व्हावी म्हणून लिहिलेला पाऊण कॉलम मजकूर, आणि त्यात दोन ओळी मेंढ्यांच्या औषधासाठी गेलेल्या. मी त्याच्याकडे बघत होते आणि मला काही केल्या ते खरं वाटत नव्हतं.

गुरं पुढे सरकून त्याला ढोसायला लागली. तो उठला, पंपाचे नट घट्ट केले, पवनचक्कीची साखळी सोडली. पाती करकरत फिरली आणि थोड्या वेळाने नळातून गढूळ पाण्याची गुळणी हौदात पडली. त्याने खिशातून फडकं काढलं आणि हात पुसायला घेतले. एकेक बोट, नखांच्या कडा, तळवे. ग्रीस केव्हाच निघालं होतं, तरी तो पुसत होता. मग फडकं खांद्यावर टाकून त्याने दोन्ही तळवे समोर धरले आणि बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिला. चौसष्ट वर्षांचा माणूस.

"नोला," तो म्हणाला, "म्हणजे हे नुसते हातच होते?"

"हो," मी म्हणाले.